ग्रासकटरचं नायलॉन हेड: दोरी कुठे झिजते, का चिकटते

पाऊस ओसरला की कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी सुरू होते आणि ग्रासकटर बाहेर निघतात. त्यांच्या टोकाला फिरणारं, नायलॉनची दोरी भरलेलं जे गोल डबडं असतं ते हेड. तेव्हापासून तक्रारी ठरलेल्या: दोरी टिकत नाही, टॅप केलं, म्हणजे हेड जमिनीवर टेकवलं, तरी बाहेर येत नाही, हेड दर हंगामात नवीन लागतं. खापर फुटतं दोरीच्या दर्जावर. गवत मात्र हेडचं फारसं काही बिघडवत नाही. हेड खराब होतं ते उष्णतेने आणि मातीतल्या खरखरीत कणांनी, आणि या दोन्हींवर बऱ्यापैकी ताबा ठेवता येतो.

या यंत्राची सुरुवात साधी होती. १९७१मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला जॉर्ज बॅलस यांना गाड्या धुणारे फिरते ब्रश पाहून कल्पना सुचली. पत्र्याच्या डब्याला मासेमारीची दोरी बांधून त्यांनी तो फिरवला. आजच्या हेडमागेही तेच तत्त्व आहे.

हातात लुळी पडणारी दोरी गवत कापते ती वेगामुळे. हेड मिनिटाला ६,५०० फेरे घेत असेल आणि दोरीचं टोक मध्यापासून २० सेंमीवर असेल, तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १३६ मीटर, म्हणजे ताशी ४९० किमीच्या आसपास असतो. काडीला वाकायला वेळच मिळत नाही, ती जागच्या जागी तुटते. ३ मिमीची दोरी हेडबाहेर १२ सेंमी असेल तर तिचं वजन जेमतेम एक ग्रॅम भरतं. पण फिरताना ती हेडला सहा किलोहून जास्त जोराने बाहेर ओढत असते. हीच ओढ दोरीला ताठ ठेवते, आणि टॅप केल्यावर नवी दोरी बाहेर काढणारीही हीच.

म्हणूनच टॅप वेळेवर करावं. हेडच्या तळाचं बटण जमिनीवर टेकलं की आतली स्प्रिंग दबते, स्पूल (दोरी गुंडाळलेलं रीळ) एक खाच सुटतो आणि दोरी थोडी सरकते. बाहेर फक्त ५ सेंमी दोरी उरली असेल तर ओढ दोन किलोच्या घरात येते. मग बटण कितीही आपटा, दोरी येत नाही, आणि आपटून बटण मात्र फुटतं. दोरी निम्मी झिजली की ॲक्सिलरेटर दाबलेला ठेवून मऊ मातीवर हलकं टेकवायचं. दगडावर कधीच नको.

आता उष्णतेचं. नायलॉन-६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. दोरी काडीवर आदळते तेव्हा धक्का आत स्पूलपर्यंत जातो आणि वेढे एकमेकांवर घासतात. नायलॉनमधून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. वेढे सैल किंवा एकमेकांवरून गेलेले असतील तर त्या जागी दोरी दोरीला चिकटून बसते. हेड उघडल्यावर दोन वेढ्यांमध्ये चकचकीत सपाट डाग दिसला, तर ते हेच. तेवढा तुकडा कापून टाका. उरलेली दोरी चालते.

भरताना ३ मिमीची साधारण चार मीटर दोरी पुरते. ती दुमडताना एक बाजू १५ सेंमी लांब ठेवा, दुमड स्पूलच्या खाचेत अडकवा आणि बाणाच्या दिशेने दोन्ही पदर आपापल्या कप्प्यात घट्ट, ओळीने गुंडाळा. स्पूलच्या काठापर्यंत भरू नका, थोडी जागा सोडा. त्याआधी दोरी एक-दोन दिवस पाण्यात भिजवलीत तर फरक जाणवतो. पाण्याचे रेणू नायलॉनच्या साखळ्यांमध्ये शिरतात, साखळ्या एकमेकींवरून सहज सरकतात, आणि दोरी तडकण्याऐवजी वाकते. उन्हात वर्षभर टांगलेली कोरडी दोरी काचेसारखी तुटते, त्यामागे हेच कारण उलट्या बाजूने.

जांभ्याच्या जमिनीत खरी झीज दोन जागी होते. एक, दोरी बाहेर येते ती धातूची कडी. बारीक खडी आणि दोरी मिळून तिच्यात चर पाडतात, चराची कड धारदार होते आणि दोरी टोकाला झिजण्याऐवजी कडीपाशीच तुटू लागते. बोटाने चाचपून पाहा. कडी फिरवता येत असेल तर फिरवा, नाहीतर बदला. दुसरी जागा टॅपचं बटण. दमलेला माणूस हेड जमिनीवर टेकवूनच चालवतो, आणि बटण पातळ होत होत भोक पडतं. आत माती गेली की स्प्रिंग अडकते. हे बटण बहुतेक हेडना सुटं मिळतं, त्यासाठी पूर्ण हेड टाकू नका. बदलताना एक लक्षात ठेवा: बऱ्याच ग्रासकटरना डावे आटे असतात. गिअरबॉक्सच्या भोकात पिन घालून दांडा अडवा आणि हेड घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडवा.

गार्ड (हेडवरचं संरक्षक झाकण) काढून दोरी लांब ठेवायची सवय फार महागात पडते. फेरे तेवढेच ठेवून दोरीचं टोक २० ऐवजी २५ सेंमीवर नेलं, तर नुसती हवा कापायलाच जवळजवळ अडीचपट शक्ती लागते. फेरे पडतात, क्लच घसरतो, इंजिन तापतं. गार्डवरची छोटी पाती दोरी योग्य लांबीला कापण्यासाठीच असते. कापायचं ते टोकाच्या दोन-तीन सेंमीने. दोरी गवतात खुपसली की ती मधूनच वाकते आणि काड्या दांड्याला गुंडाळल्या जातात.

दोरीऐवजी लोखंडी तार लावू नका. तुटलेला तुकडा गोळीसारखा जातो. जोडलेल्या धातूच्या तुकड्यांची, साखळीवाली हेडं युरोपीय संघाने २०१२मध्ये याच धोक्यामुळे बंद केली. आणि नव्या कलमाभोवती फूटभर गवत विळ्याने काढा, कारण कोवळ्या खोडाची साल दोरी क्षणात सोलते. साल सगळीकडून गेली तर झाड वाळतं.

झिजलेली दोरी नाहीशी होत नाही. एक मीटर ३ मिमी दोरी म्हणजे आठ ग्रॅम नायलॉन, ते कण आणि तुकडे होऊन बागेतच राहतं. म्हणून जे गवत गोठ्यात जायचं आहे, ते दोरीने न कापता पात्याने किंवा विळ्याने कापावं.