कॅबिनेटमधल्या पंख्यांसाठी कंट्रोलर घेताना

ठाणे आणि नवी मुंबईतील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘पीसी फार आवाज करतो, फॅन कंट्रोलर बसवून द्या’ असे सांगत येणाऱ्या बऱ्याच ग्राहकांना कंट्रोलरची गरजच नसते. आजकालच्या जवळपास प्रत्येक मदरबोर्डवर पंख्यांचा वेग सांभाळायची सोय आधीपासून असते. बहुतेक वेळा ती चुकीच्या सेटिंगवर असते, नाहीतर पंखेच अशा जोडणीचे असतात की बोर्डाचे त्यांच्यावर काही चालत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी कॅबिनेट उघडून पुढच्या गोष्टी तपासा.

आधी पंख्याची वायर बघा

पीसी बंद करा, एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) मागचा स्विच बंद करून पॉवर केबल काढा, मग बाजूचे झाकण उघडा. प्रत्येक पंख्याची वायर हातात धरून ती कुठे जाते ते शोधा. वायरच्या टोकाला चारपैकी एक प्रकार दिसेल.

तीन पिनच्या पंख्यात ग्राउंड, १२ व्होल्ट आणि वेग कळवणारी तार असते. त्याचा वेग कमी करायचा तर व्होल्टेज कमी करावे लागते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) याला डीसी मोड म्हणतात. चार पिनच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंद होणारा सिग्नल येतो. त्यातला ‘चालू’चा हिस्सा जितका मोठा, तितका पंखा जोरात फिरतो. हा पीडब्ल्यूएम मोड.

तिसरा प्रकार स्वस्त कॅबिनेटसोबत आलेल्या पंख्यांमध्ये सापडतो. त्यांची वायर मोठ्या पांढऱ्या मोलेक्स कनेक्टरने थेट एसएमपीएसला जोडलेली असते. असा पंखा पीसी चालू असेपर्यंत पूर्ण वेगाने फिरतो आणि बोर्डाला त्याचा पत्ताही नसतो. चौथा म्हणजे सहा पिनचा कनेक्टर असलेले दिव्यांचे पंखे. ते त्यांच्यासोबत आलेल्या हबवरच (अनेक पंखे एकत्र जोडायच्या छोट्या पेटीवरच) चालतात, दुसऱ्या कोणत्याही कंट्रोलरवर ते बसत नाहीत. या शेवटच्या दोन प्रकारांसाठी वेगळा कंट्रोलर घेण्यापेक्षा चार पिनचे साधे पंखे घ्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोठ्या कंपन्यांच्या तयार ऑफिस डेस्कटॉपमध्ये कधी कधी कनेक्टर किंवा तारांचा क्रम कंपनीचा स्वतःचा असतो. तिथे बाजारातला पंखा किंवा हब जोडण्याआधी तारांचा क्रम तपासलाच पाहिजे.

फुकटात होणारी दुरुस्ती

तीन पिनचा पंखा मदरबोर्डवरच्या चार पिनच्या हेडरवर (पंख्याची वायर जोडायच्या पिनांवर) बसतो, पण हेडर पीडब्ल्यूएम मोडवर असेल तर त्याला सतत १२ व्होल्ट मिळतात आणि तो पूर्ण वेगाने फिरत राहतो. ‘नवीन पंखा लावला आणि आवाज वाढला’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. असूसच्या बोर्डवर क्यू-फॅन, गीगाबाइटवर स्मार्ट फॅन, एमएसआयवर हार्डवेअर मॉनिटर या नावाखाली प्रत्येक हेडरची सेटिंग मिळते. तीन पिनच्या पंख्याला डीसी आणि चार पिनच्या पंख्याला पीडब्ल्यूएम निवडा. ‘ऑटो’ असेल तर ते पुष्कळदा बरोबर ओळखते, पण नेहमीच ओळखेल असे नाही.

एवढ्याने आवाज आटोक्यात आला तर इथेच थांबा. हेडर कमी पडत असतील, किंवा सगळे पंखे एका ठिकाणाहून चालवायचे असतील, तरच पुढचा हिशोब करा.

अँपिअरची बेरीज

पंख्याच्या मधल्या स्टिकरवर ‘१२ व्होल्ट, ०.२५ अँपिअर’ असे छापलेले असते. मदरबोर्डचे साधे हेडर सहसा १ अँपिअरपर्यंत, म्हणजे १२ वॅटपर्यंत झेपणारे असते. पंपासाठीचे हेडर पुष्कळ बोर्डांवर २ किंवा ३ अँपिअरचे असते. नेमका आकडा बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये सापडतो. ०.२५ अँपिअरचे तीन पंखे एका स्प्लिटरवर (एका हेडरची अनेक टोके करणाऱ्या वायरवर) लावले तर बेरीज ०.७५ होते आणि काही अडचण येत नाही. सहा लावले तर १.५ होते आणि हेडर जळू शकते. हेडर जळले तर दुरुस्ती मदरबोर्डची करावी लागते, म्हणून इथे काटकसर करू नका. सुरू होताना पंखा क्षणभर जास्त करंट ओढतो, त्यामुळे बेरीज मर्यादेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवलेली बरी.

कोणता कंट्रोलर कोणासाठी

दोन-तीन पंखे वाढवायचे असतील तर स्प्लिटर पुरतो. त्याच्या एकाच टोकाला वेग कळवणारी तार असते, बाकीच्या टोकांना ती मुद्दाम ठेवलेली नसते, कारण दोन पंख्यांचे सिग्नल एकत्र आले की बोर्डाला वेडेवाकडे आकडे दिसतात. याचा एक परिणाम लक्षात ठेवा: दुसरा पंखा बंद पडला तर बोर्डाला ते कळणार नाही.

चारपेक्षा जास्त पंखे असतील तर साटा पॉवरवर (एसएमपीएसच्या हार्डडिस्कसाठीच्या चपट्या कनेक्टरवर) चालणारा पीडब्ल्यूएम हब घ्या. आम्ही सर्वात जास्त वेळा हाच सुचवतो. हब वीज एसएमपीएसकडून घेतो, आणि मदरबोर्डच्या एका हेडरकडून फक्त वेगाचा सिग्नल. त्यामुळे बोर्डावर भार पडत नाही. साटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट देऊ शकतात. ०.२५ अँपिअरचे दहा पंखे यात आरामात बसतात. डीपकूलचा एफएच-१० हा अशाच दहा जोडण्यांचा हब आहे.

हब लावल्यावर तीन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे एक क्रमांकाची जोडणी रिकामी सोडणे. वेगाची माहिती बोर्डाकडे सहसा तिथूनच जाते, आणि तिथे पंखा नसेल तर बोर्ड पंखाच नाही असे समजतो. दुसरी, ज्या हेडरवरून सिग्नल घेतला आहे तो डीसी मोडवर राहणे. मग चौथ्या तारेवरून बदलता सिग्नल येत नाही आणि सगळे पंखे एकदम पूर्ण वेग पकडतात. तिसरी, साध्या पीडब्ल्यूएम हबवर तीन पिनचे पंखे लावणे. ते सदैव पूर्ण वेगानेच फिरतात. तुमच्याकडे तीन पिनचेच पंखे असतील तर सिग्नल वाचून व्होल्टेज कमी करणारा हब मागा, आणि खोक्यावर तसे लिहिलेले आहे का ते घेण्याआधीच वाचा.

हबसाठी साटा कनेक्टर शिल्लक नसेल तर मोलेक्समधून साटा काढून देणारे स्वस्त, ओतीव प्लास्टिकचे कन्व्हर्टर लावू नका. त्यांच्या आत तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट होतात आणि प्लास्टिक वितळते. दोन साटा टोके देणारी दाब-जोडणीची, म्हणजे प्रत्येक तार पिनेत दाबून बसवलेली, केबल घ्या.

हाताने बटण फिरवून वेग बदलायचा असेल तर नॉब असलेला कंट्रोलर मिळतो. रेकॉर्डिंग करणाऱ्यांना तो आवडतो, कारण माइक सुरू करण्याआधी पंखे हळू करता येतात. पण त्याला तापमान कळत नाही. रेकॉर्डिंग संपल्यावर नॉब वर करायचे विसरलात तर पुढचे दोन तास व्हिडिओ एडिटिंग हळू पंख्यांवरच होईल. नॉबवाल्या जुन्या कंट्रोलरला सव्वापाच इंची खण (डीव्हीडी ड्राइव्हची जागा) लागतो आणि नव्या कॅबिनेटमध्ये तो बहुधा नसतो, हेही आधी बघा. व्होल्टेज उतरवणारे साधे कंट्रोलर वाचलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडतात, म्हणून प्रत्येक चॅनेलला किती वॅट झेपतात ते छापलेले असते. तो आकडा ओलांडू नका. शिवाय तीन पिनच्या काही पंख्यांना फिरायला सुरुवात करायलाच ५ ते ७ व्होल्ट लागतात. फिरत असताना ते ४ व्होल्टवरही तग धरतात, पण पीसी बंद करून परत चालू केला की नुसते थरथरतात. नॉब सर्वात खाली ठेवून एकदा पीसी चालू करून बघा. पंखा उठला नाही तर नॉब थोडा वर घ्या आणि तिथे खूण करा.

चार पिनच्या पंख्यांसाठी व्होल्टेजवाला नॉब नको. त्यांच्यासाठी नॉक्टुआ एनए-एफसी१ सारखा पीडब्ल्यूएम सिग्नल कमी करणारा छोटा कंट्रोलर योग्य.

यूएसबीवर चालणारे डिजिटल कंट्रोलर सर्वात महाग. त्यांच्यासोबत तापमानाचे वायरवाले सेन्सर येतात, त्यामुळे हार्डडिस्कजवळ किंवा पाण्याच्या रेडिएटरवर सेन्सर चिकटवून पंखे त्यानुसार चालवता येतात. घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. मदरबोर्डवर यूएसबी २.० चा नऊ पिनचा आतला हेडर रिकामा आहे का? आणि वेगाची सेटिंग कंट्रोलरच्या आत साठते का, की विंडोजमधले सॉफ्टवेअर चालू असतानाच लागू होते? दुसऱ्या प्रकारात सॉफ्टवेअर अडकले की पंखे शेवटच्या वेगावर अडकून राहू शकतात. लिनक्स वापरत असाल तर त्या मॉडेलसाठी ड्रायव्हर आहे याची खात्री झाल्याशिवाय घेऊ नका. मदरबोर्डच्या हेडरवरच्या पंख्यांसाठी लिनक्समध्ये एलएम-सेन्सर्स आणि फॅनकंट्रोल ही साधने आहेतच.

कंट्रोलरवर न लावायच्या गोष्टी

प्रोसेसरच्या कूलरचा पंखा नेहमी मदरबोर्डच्या सीपीयू फॅन हेडरवरच ठेवा. तो काढून नॉबवर लावला तर सुरू होताना सीपीयू फॅन एररचा संदेश येतो, आणि तो संदेश बंद करून टाकणे हा उपाय नव्हे. पंखा खरोखर बंद पडला तर तोच संदेश सावध करतो. वॉटर कूलरचा पंप मॅन्युअलमध्ये वेगळे सांगितले नसेल तर पंप हेडरवर पूर्ण वेगाने चालू द्या.

दिव्यांच्या बाबतीत एक कडक सूचना: ५ व्होल्टची तीन पिनची एआरजीबी (रंगीत दिव्यांची) वायर १२ व्होल्टच्या चार पिनच्या आरजीबी हेडरवर जोर लावून बसवू नका. दिवे त्याच क्षणी जळतात आणि वॉरंटीत बसत नाहीत.

आपल्या हवामानासाठी सेटिंग

पंखा कितीही चांगला असला तरी पीसी खोलीपेक्षा थंड होत नाही. पहाटे २२ अंशांच्या खोलीत जानेवारीत बसवलेली सेटिंग मे महिन्यात ३४ अंशांच्या खोलीत वेगळीच वागते: आतले सगळे तापमान जवळपास तेवढ्याच, १२ अंशांनी वर सरकते आणि पंखे सतत ओरडू लागतात. म्हणून सेटिंग उन्हाळा धरूनच करा. प्रोसेसरच्या पंख्यासाठी सुरुवात अशी: ५० अंशांपर्यंत ३५ टक्के, ६५ ला ५५ टक्के, ७५ ला ७५ टक्के, ८५ ला पूर्ण वेग. कॅबिनेटच्या पंख्यांना प्रोसेसरचे तापमान आधार म्हणून देऊ नका. ते एखादे पान उघडले तरी क्षणात १५ अंश उडी मारते आणि पंखे खालीवर गुरगुरतात. मदरबोर्डचे तापमान द्या, किंवा वेग बदलायला काही सेकंदांचा विलंब ठेवा.

वेग थोडा कमी केला तरी कानाला मोठा फरक पडतो. मिनिटाला १५०० फेऱ्यांवरून १००० वर आलात तर हवा दोन-तृतीयांश राहते, पण आवाज साधारण ९ डेसिबलने उतरतो. म्हणून एक पंखा जोरात फिरवण्यापेक्षा दोन हळू फिरवणे चांगले.

घोडबंदर रस्त्यालगत किंवा खारघरच्या नव्या बांधकामांजवळ राहत असाल तर पुढची जाळी दर दोन-तीन आठवड्यांनी साफ करा. धूळ भरलेल्या जाळीवर कंट्रोलर काही करू शकत नाही. पावसाळ्यात ओल आणि धूळ मिळून पात्यांवर चिकट थर बसतो, पंख्याचा तोल बिघडतो आणि घरघर सुरू होते. ब्लोअर मारताना पाते बोटाने धरून ठेवा. मोकळे फिरू दिले तर बेअरिंग खराब होते आणि उलटी वीज बोर्डाकडे जाऊ शकते.

बसवल्यानंतरची तपासणी झाकण लावूनच करा. उघड्या कॅबिनेटमध्ये मोजलेले तापमान उपयोगाचे नाही. जड काम २० मिनिटे चालवा आणि बायोसमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पंख्याच्या फेऱ्या दिसतात का ते बघा. मग पीसी बंद करून हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला किंवा वास आला तर लगेच काढा.

दुकानात येताना तीन फोटो आणा: मदरबोर्डचे मॉडेल छापलेल्या जागेचा, प्रत्येक पंख्याच्या स्टिकरचा आणि एसएमपीएसच्या शिल्लक कनेक्टरांचा. एवढ्यावरून कोणता हब लागेल, की काहीच लागणार नाही, हे काउंटरवरच सांगता येते.