नापामपासून मातीपर्यंत : जबाबदार गुंतवणुकीची पार्श्वभूमी

मे १९७१. जनरल मोटर्सची वार्षिक सर्वसाधारण सभा. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतून कंपनीने गाशा गुंडाळावा, असा ठराव एका भागधारकाने मांडला होता आणि तो भागधारक होता एपिस्कोपल चर्च. व्यवस्थापनाचा विरोध गृहीतच होता. पण रेव्हरंड लिऑन सलिव्हन उभे राहिले आणि ठरावाच्या बाजूने बोलले. सलिव्हन म्हणजे फिलाडेल्फियातले बाप्टिस्ट पाद्री आणि त्याच वर्षी संचालक मंडळावर आलेले कंपनीचे पहिले कृष्णवर्णीय संचालक. ठरावाला दीड टक्काही मते पडली नाहीत.

आज म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींत ‘ईएसजी’ (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार) आणि ‘रिजनरेटिव्ह’ (झीज थांबवण्यापुढे जाऊन सुधारणा करणारे) हे शब्द सर्रास दिसतात. त्यांच्यामागच्या विचाराची सुरुवात शेअर बाजारात झाली नाही, ती झाली धर्मसंस्थांत. १७५८ मध्येच फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथीयांनी गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना आपल्या कारभारातून दूर ठेवायचे ठरवले होते. पुढची दोन शतके ही वृत्ती बहुतांशी सोवळ्याचीच राहिली : दारू, जुगार, शस्त्रे यांचा पैसा आपल्याला नको, एवढेच.

हे सोवळे व्हिएतनामच्या युद्धात सुटले. डाऊ केमिकल अमेरिकी सैन्याला नापाम, म्हणजे बॉम्बमधले चिकटून जळणारे इंधन, पुरवत होती. डॉक्टरांच्या एका संघटनेला डाऊचे मोजके शेअर देणगीत मिळाले होते. ते विकून मोकळे होण्याऐवजी डॉक्टरांनी कंपनीला पत्र धाडले : माणसांवर वापरण्यासाठी नापाम विकू नये, हा ठराव भागधारकांपुढे ठेवा. कंपनीने नकार दिला, बाजार नियामकानेही कंपनीचीच री ओढली. १९७० मध्ये अपील न्यायालयाने मात्र डॉक्टरांचे म्हणणे उचलून धरले. शेअर विकून हात झटकण्यापेक्षा शेअर धरून ठेवून जाब विचारणे, ही आजच्या जबाबदार गुंतवणुकीची अर्धी कार्यपद्धती इथून आली. पुढच्याच वर्षी मेथडिस्ट चर्चशी संबंधित दोघांनी ‘पॅक्स वर्ल्ड’ हा फंड सुरू केला. युद्धावर पोसलेल्या कंपन्या त्यात नव्हत्या.

त्याच १९७० साली अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या पुरवणीत ठणकावून सांगितले की नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणे, हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी. आणि त्याच साली टिस्को, म्हणजे आजची टाटा स्टील, आपल्या नियमावलीत कामगार, ग्राहक आणि स्थानिक समाज यांच्याविषयीचे कर्तव्य लिहून ठेवत होती. दहा वर्षांनी कंपनीने हे कर्तव्य कितपत पाळले ते तपासायला समिती नेमली. तिच्यात मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल होते. ‘सोशल ऑडिट’ हा शब्द आपल्याकडे परदेशी सल्लागारांनी आणला, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सलिव्हन यांनी १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या अमेरिकी कंपन्यांसाठी आचारसंहिता तयार केली : कामाच्या जागी वंशभेद नको, समान कामाला समान वेतन. शंभराहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या. वर्णद्वेष मात्र जागचा हलला नाही. १९८७ मध्ये सलिव्हन यांनी स्वतःच ही संहिता अपुरी ठरल्याचे जाहीर केले आणि कंपन्यांना तिथून निघून यायला सांगितले. आपल्याच नावाने चालणारी तत्त्वे अशी मोडीत काढणारा माणूस या क्षेत्रात पुन्हा दिसला नाही.

भोपाळ (१९८४) आणि अलास्कातली एक्सॉन व्हाल्डीझची तेलगळती (१९८९) यांनी पर्यावरण अजेंड्यावर आणले. नंतरचे वळण महत्त्वाचे. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या अहवालातून ‘ईएसजी’ ही संज्ञा रुळली आणि २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत न्यूयॉर्क शेअर बाजारात जबाबदार गुंतवणुकीची तत्त्वे जाहीर झाली. मोठे पेन्शन फंड आले, पैसा आला. पण प्रश्न गुपचूप बदलला. चर्चवाले विचारत होते, ही कंपनी जगाचे काय करते? नवी मानांकने मुख्यतः विचारू लागली, जगातल्या उलथापालथीने या कंपनीच्या नफ्याचे काय होईल? त्यात भर म्हणजे माहिती बरीचशी कंपनीनेच पुरवलेली. फोक्सवॅगन २०१५ च्या सप्टेंबरपर्यंत डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात दिमाखात होती. डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत तिने सॉफ्टवेअरने फसवल्याचे उघड झाले, तेव्हा तिला काढले गेले.

‘रिजनरेटिव्ह’चा आग्रह या असमाधानातून वाढला. शब्द शेतीतला. अमेरिकेत रॉबर्ट रोडेल यांनी १९८० च्या दशकात तो रुजवला, तेव्हा त्यांना माती राखणे पुरेसे वाटत नव्हते, ती सुधारायला हवी होती. उद्योगात हाच विचार नेणाऱ्यांत रे अँडरसन पहिल्या फळीतले. त्यांची इंटरफेस ही अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातली कंपनी कार्पेटचे चौकोनी तुकडे बनवते. धागा नायलॉनचा, म्हणजे खनिज तेलाचा. १९९४ मध्ये ग्राहक विचारू लागले की पर्यावरणासाठी तुम्ही काय करता, आणि अँडरसनकडे उत्तर नव्हते. पुढे कंपनीने जुने कार्पेट परत घेऊन त्यातला नायलॉन पुन्हा वापरात आणला आणि फिलिपीन्सच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांकडून टाकून दिलेली मासेमारीची जाळीही विकत घेतली. २०१६ पासून तिचे ध्येय नुकसान शून्यावर आणण्यापलीकडे गेले. गंमत अशी, की २०२० मध्ये याच इंटरफेसने अमेरिकी बाजार नियामकाला ५० लाख डॉलर दंड भरला. आरोप होता, २०१५-१६ मध्ये काही तिमाहींचे आकडे विश्लेषकांच्या अंदाजात बसवल्याचा. आरोप तिने मान्यही केला नाही, नाकारलाही नाही.

तिमाहीचा हा फास दानोनलाही बसला. २०२० च्या जूनमध्ये या फ्रेंच दूधउत्पादक कंपनीच्या भागधारकांनी प्रचंड बहुमताने सामाजिक-पर्यावरणीय ध्येय कंपनीच्या घटनेत घातले. शेतातली माती सुधारण्याचा मोठा कार्यक्रम आधीपासून चालू होताच. नऊ महिन्यांत अध्यक्ष इमॅन्युएल फाबेर यांना पद सोडावे लागले. शेअरचा भाव मागे पडला म्हणून काही गुंतवणूकदार फंड त्यांच्या मागे लागले होते.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांवरचा खर्च, सक्तीचा केला : तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के. हा कायदा नफा कुठे खर्च केला ते विचारतो, तो कसा कमावला ते विचारत नाही. दुसरा प्रश्न सेबीच्या ‘बीआरएसआर’, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांच्या अहवालाच्या वाट्याला आला. बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना तो २०२२-२३ पासून द्यावा लागतो. पाणी, ऊर्जा, कचरा, कामगार यांचे आकडे त्यात येतात. पुरवठादारांचे आकडेही मागवायचे ठरले होते, पण उद्योगांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये सेबीने तो भाग ऐच्छिक केला. सूतगिरणीच्या वीजबिलाची नोंद त्यामुळे गुंतवणूकदाराला मिळते. तिला कापूस पुरवणाऱ्या यवतमाळच्या शेतातला सेंद्रिय कर्ब वाढला की घटला, हे सांगणे कंपनीच्या मर्जीवर आहे.