गिटारच्या फ्रेटबोर्डवरील स्वरस्थाने

गिटारच्या कोणत्या तारेवर, कोणत्या फ्रेटवर (दांड्यावरील धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरात) कोणता स्वर वाजतो हे न मोजता ओळखता येणे, हा गिटारवादनाच्या शिक्षणातला बराच टाळला जाणारा भाग आहे. टॅब्लेचर या गिटारच्या लेखनपद्धतीत तार आणि फ्रेट थेट लिहिलेले असल्याने स्वराचे नाव ठाऊक नसतानाही वाजवता येते.

पियानोवर एका स्वराला एकच पट्टी असते. गिटारवर तसे नाही. पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेचा, ती न दाबता वाजणारा ई (सुमारे ३२९.६ हर्ट्झ) दुसऱ्या तारेच्या ५व्या, तिसरीच्या ९व्या, चौथीच्या १४व्या आणि पाचवीच्या १९व्या फ्रेटवरही मिळतो, २४ फ्रेटांच्या गिटारवर सहाव्या तारेच्या शेवटच्या फ्रेटवरही. स्वर तोच, पण जाड तारेवर त्याचा नाद बदलतो.

प्रचलित जुळणीत जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई असे स्वर असतात. दर फ्रेटला स्वर अर्ध्या स्वराने चढतो. बी-सी आणि ई-एफ या जोड्या लगतच्या फ्रेटांवर येतात, इतर शुद्ध स्वरांमध्ये (ए ते जी या साध्या नावांच्या स्वरांमध्ये) एक फ्रेट सुटतो. १२व्या फ्रेटवर तारेची कंप पावणारी लांबी निम्मी होते, स्वर एक सप्तक वर जातो आणि पुढे तीच नावे पुन्हा येतात.

खरी अडचण जी आणि बी या तारांमध्ये आहे. इतर लगतच्या तारांत पाच अर्धस्वरांचे अंतर असते, इथे चारच. म्हणून सहाव्या वा पाचव्या तारेवरील स्वराचे वरचे सप्तक मधली एक तार सोडून पलीकडच्या तारेवर दोन फ्रेट पुढे सापडते, तर चौथ्या वा तिसऱ्या तारेवरून तीन फ्रेट पुढे जावे लागते. हे नाते एकदा हाताला बसले की पाठांतराचा भार पुष्कळ हलका होतो.

सुरुवात बहुधा सहाव्या आणि पाचव्या तारेपासून करतात, कारण बार कॉर्डचे (एका बोटाने अनेक तारा आडव्या दाबून वाजवायच्या कॉर्डचे) मूळ स्वर तिथे असतात. पहिल्या तारेची नावे सहावीसारखीच, त्यामुळे ती आपोआप येते. एकच स्वर सहाही तारांवर शोधण्याचा सराव एकेक तार क्रमाने घोकण्यापेक्षा अधिक उपयोगी. ५वा फ्रेट खुणेसाठी सोयीचा: तिथे ए, डी, जी, सी, ई, ए असे सगळे शुद्ध स्वरच येतात. जुळणी बदलली की मात्र हिशेब बदलतो. सहावी तार डीवर उतरवल्यास तिच्यावरील प्रत्येक स्वर दोन फ्रेट पुढे सरकतो.