पुस्तक नाही आवडलं? पान नंबर सांगा

नमस्कार मंडळी,

हे पत्रक आपल्या दुकानातून वाचायला पुस्तकं नेणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, जुने मेंबर, नवे मेंबर, आणि झेरॉक्स होईपर्यंत कपाटातलं पुस्तक काढून उभ्या उभ्या वीस पानं वाचून टाकणारे पण. दारव्हा-दिग्रस रोडवरचं आपलं दुकान, समोर झेरॉक्स, लॅमिनेशन, वह्या-पेनं, मागच्या खोलीत पुस्तकं. डिपॉझिट ३०० रुपये, महिन्याचे ५०, एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवस, यात काही बदल नाही. पत्रक छापावं लागलं ते व्हॉट्सॲप ग्रुपमुळे.

ग्रुप आपण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये काढला, कोणतं पुस्तक आलं अन् कोणतं कोणाकडे अडकलं एवढं कळावं म्हणून. मग लोक लिहायला लागले, मी हे वाचलं, भारी आहे, तुम्ही पण वाचा. आम्हाला बरंच वाटलं, आणि दुकानाचा फायदाच होता, लपवायचं काय त्यात, कोणी चार ओळी लिहिल्या का दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक मागायला तीन जण हजर. पण मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या रात्री जे झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. एका काकांनी एका जाडजूड पौराणिक कादंबरीबद्दल लिहिलं का ही मी चार वेळा वाचली आणि चारही वेळा एकाच जागी रडलो. त्यावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका पोरानं टाकलं, काका हे साहित्य नाही, हे कीर्तन आहे. झालं. साडेदहाला सुरू झालेलं बारापर्यंत चाललं, पुस्तक राहिलं बाजूला, कोणाचं किती शिक्षण अन् कोणाच्या बापानं कोणाला काय शिकवलं इथपर्यंत गाडी गेली. सकाळी पाहतो तर पाच जण ग्रुप सोडून गेलेले. त्यातल्या एक अंगणवाडीच्या ताई, ज्यांनी रात्री एक अक्षर लिहिलं नव्हतं, त्या डिपॉझिट परत घ्यायला दुकानात आल्या. म्हणाल्या, भाऊ, मी पुस्तकासाठी होती ग्रुपात, भांडायचं असंल तर घरी माणसं आहेत ना.

त्या दोघांनाही आम्ही चांगले ओळखतो. पोरगा काही उद्धट नाही आणि काका काही तापट नाहीत. हेच बोलणं दुकानाच्या पायरीवर झालं असतं तर अर्ध्या चहात संपलं असतं. आपल्याकडं माणूस माणसाला "काहून बे, काही पण वाचतं का?" असं खांद्यावर हात टाकून म्हणते, आणि ऐकणारा हसते, कारण हात खांद्यावर आहे. तेच वाक्य मोबाईलवर टाइप केलं का हात जातो आणि नुसता "बे" उरतो. वऱ्हाडी टाइप करायला आमची ना नाही, उलट जरूर करा, फक्त समोरच्याचा चेहरा दिसून नाही राहिला एवढं ध्यानात ठेवा. आणि लहान असो मोठा असो, ग्रुपमध्ये पुस्तकाबद्दल वाद घालताना "तुम्ही" म्हणा. दुकानात आल्यावर पुन्हा तू-तू चालू करायला मोकळे.

आता पान नंबरचं सांगतो, कारण या पत्रकातली कामाची गोष्ट तीच आहे. कापूस वेचणीच्या दिवसातली गोष्ट. एक मावशी पुस्तक परत घेऊन आल्या, मध्येच खूण होती, खुणेला कापसाचं बोंड, म्हणजे सरकीसकट कापूस पानात दाबलेला. ६४ वं पान. पुढची पानं कोरी करकरीत, हात न लागलेली. मी विचारलं, नाही आवडलं का मावशी? तर म्हणाल्या, "चांगलं आहे गा, भाषा गोड आहे. पण चौसष्ट पानं झाली, घरात अकरा माणसं आहेत, रोज जेवून राहिली, अन् एकाही बाईनं अजून चूल पेटवली नाही. मंग माझं मन उडलं." मी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं, माझ्या डोक्यात ही गोष्ट कधी आली नव्हती. त्यानंतर मी ते कोणाला देताना मावशीचं सांगूनच देतो, आणि लोक मुद्दाम ते शोधायला वाचतात, चूल कुठं पेटते का म्हणून. (पेटते, १९० व्या पानावर, एकदाच.)

पाहा आता, मावशींनी पुस्तकाला बकवास म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, बरं म्हणून कपाटात ठेवलं असतं. त्यांनी कुठं थांबल्या ते सांगितलं आणि काहून थांबल्या ते सांगितलं. तेव्हापासून दुकानात हाच नियम झाला. पुस्तक आवडलं नाही तर नाही लिहा, पूर्ण हक्क आहे, पण कोणत्या पानावर मन उडालं ते लिहा. आवडलं तरी तेच, "अप्रतिम", "मस्ट रीड", तीन हात जोडलेले अन् दोन गुलाब एवढ्यावरून समोरच्याला काही कळत नाही राजेहो. कोणत्या जागी उठून दिवा लावावासा वाटला, कोणत्या जागी झोप लागली ते सांगा.

यासाठी आता प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी, तारखेचा शिक्का मारतो त्या कार्डाच्या खाली, आखीव कागदाची एक चिठ्ठी चिकटवली आहे. वाचून झालं का तिच्यावर दोन ओळी लिहायच्या. नाव नाही लिहिलं तरी चालते. आधीच्यानं लिहिलेलं पटलं नाही तर खोडायचं मात्र नाही, खाली आपलं लिहायचं. एका सरांनी आधीच्या माणसाचं शुद्धलेखन लाल पेनानं सुधारून दिलं होतं, त्यांना हात जोडून सांगितलं आहे, आता ते करत नाहीत.

न खोडण्याचं आमच्या डोक्यातलं नाही हे. आपल्याकडं येणाऱ्या एका रिटायर गुरुजींनी सांगितलं आणि आम्हाला एकदम पटलं. मराठीतलं पहिलं मोठं गद्य म्हणतात ते लीळाचरित्र आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचं, तेराव्या शतकातलं. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याला त्याला विचारून, माणसं गाठून गोळा केल्या. आता आठवण म्हटली का एकाची एक अन् दुसऱ्याची दुसरी, एक म्हणते स्वामी असं बोलले, दुसरा म्हणते नाही, तसं बोलले. तर महानुभावांच्या पोथ्यांमध्ये असा फरक आला का तो पण लिहून ठेवलेला राहते, त्याला तिथे "वासना" म्हणतात. शब्द ऐकून हसू नका, त्याचा तिथला अर्थ पाठभेद. म्हणजे ज्यांच्यासाठी ते देवाचे शब्द होते त्यांनीसुद्धा दुसऱ्याची आठवण फाडून फेकली नाही, शेजारी जागा दिली. आपण तर कादंबऱ्यांवर भांडून राहिलो.

आपल्या दुकानात सगळ्यात भरलेल्या चिठ्ठ्या दोन पुस्तकांच्या आहेत आणि दोन्ही आपल्याच भागातली. एक उद्धव शेळक्यांची "धग", १९६० ची. तिच्यातली माणसं वऱ्हाडीत बोलतात. चिठ्ठीवर एकानं लिहिलं का ही माझ्या आजीची भाषा आहे, मोठ्यानं वाचली आणि आई दुसऱ्या खोलीतून उठून आली. त्याच्याच खाली पुण्याहून सुट्टीत आलेल्या कोणाच्या तरी सुनेनं लिहिलं का पहिली तीस पानं मला अर्धे शब्द कळलेच नाहीत, मग सासूबाईंना विचारत विचारत वाचली. तिसऱ्यानं लिहिलं, गरिबीचं इतकं वर्णन झेपलं नाही, सोडून दिली, पान ११२. तिघंही खरं बोलून राहिले. आणि गंमत म्हणजे त्या सुनेची ओळ वाचून दोन-तीन सासवांनी पुस्तक नेलं.

दुसरं सदानंद देशमुखांचं "बारोमास", ज्याला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. शिकून नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा पोरगा अन् त्याचं घर. यावर वाद होणारच, कारण वाचणाऱ्यांच्या घरी तोच पोरगा बसला आहे. एक भाऊ म्हणाले, हे मी रोज सकाळी उठून पाहतो, त्यासाठी महिन्याचे ५० रुपये कशाला देऊ, मला काहीतरी हसवणारं दे. दुसरे म्हणाले, मला तर पहिल्यांदा वाटलं का आपलं पण कोणी लिहून ठेवलं. मला विचाराल तर मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे, पण पहिल्या भाऊंना मी त्या दिवशी विनोदी कथाच दिल्या आणि काही टोमणा मारला नाही. सोयाबीन पाण्यात गेलेल्या माणसाला दुःखाची कादंबरी हातात कोंबणं मला जमत नाही. पण ग्रुपमध्ये कोणी त्यांना "पळपुटे" म्हटलं होतं, तो मेसेज आम्ही काढून टाकला, आणि पुढंही काढू. पुस्तकाला काय म्हणायचं ते म्हणा, वाचणाऱ्याला नाही. रहस्यकथा वाचणारा, पाककृती वाचणारी, फक्त ग्रामगीता वाचणारे आजोबा, फक्त इंग्रजीतून भाषांतर झालेलं मोटिव्हेशनल वाचणारी पोरं, सगळ्यांचे ५० रुपये सारखेच आहेत.

ग्रुपबद्दल थोडं फुटकळ. मेसेज पाठवल्यावर पंधरा मिनिटं तो एडिट करता येते, त्याचा वापर करा, विशेषतः रात्री दहाच्या नंतर. गोष्टीचा शेवट सांगून टाकू नका, सांगायचाच असेल तर वर मोठ्या अक्षरात "शेवट फुटते" असं लिहून पाच-सहा ओळी मोकळ्या सोडा. चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज कोणी ऐकत नाही, खरंच नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, तिथून नंबर घेऊन कोणत्या ताईला "तुमचं मत छान होतं" असा पर्सनल मेसेज केला तर माणूस ग्रुपमधून पण जाईल आणि दुकानातून पण, यात दुसरी संधी नाही. बायकांनी ग्रुपमध्ये न राहता फक्त चिठ्ठीवर लिहिलं तरी त्या तेवढ्याच मेंबर.

आणि पीडीएफ. रोज कोणीतरी टाकते आणि आम्हाला रोज वाईट व्हावं लागते. आपल्या देशात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं पुस्तकाचा हक्क त्याच्या वारसांकडे किंवा ज्याला दिला त्याच्याकडे राहते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांची पुस्तकं २०११ पासून मोकळी आहेत, ती खुशाल टाका. जिवंत लेखकाची कालपरवाची कादंबरी टाकाल तर लेखकाचं नुकसान, आणि आमच्यासारख्या दुकानदाराचं तर विचारूच नका.

यावर्षीपासून दरवाजाजवळचा एक खण आम्ही मोकळा केला आहे. ज्याला आपलं आवडतं पुस्तक दुसऱ्यांनी वाचावं असं वाटते त्यानं घरचं पुस्तक आणून तिथे तीन महिने ठेवायचं. पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहायचं का हे कोणाला आवडेल. "सगळ्यांना आवडेल" असं लिहिलं तर आम्ही परत करतो, असं पुस्तक अजून झालं नाही. रंगनाथन म्हणून ग्रंथालयशास्त्रातले मोठे माणूस होऊन गेले, त्यांनी १९३१ मध्ये पाच नियम लिहिले, त्यातला तिसरा असा का प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असतो. त्याचा अर्थ आम्ही आमच्या सोयीनं असा लावतो, का तो वाचक कोण हे तुम्हीच सांगा, म्हणजे आमचं शोधायचं काम वाचते. एका बोअरवेलवाल्या दादांनी खणात समुद्रप्रवासाचं पुस्तक ठेवलं आणि लिहिलं, "ज्यानं समुद्र पाहिला नाही अन् पाहणार पण नाही त्याच्यासाठी." ते पुस्तक आल्यापासून एक दिवस खणात राहिलं नाही. उलट एका मॅडमनी फार प्रेमानं ठेवलेला कवितासंग्रह तीन महिन्यांत एकानंच नेला आणि चिठ्ठीवर "कळलं नाही" लिहिलं. मॅडम नाराज झाल्या, साहजिक आहे. मग एका शनिवारी तो पोरगा वही घ्यायला आला असताना मॅडम पण दुकानात होत्या, त्यांनी त्याला कोणती कविता कळली नाही विचारलं, आणि काउंटरपाशी उभ्यानं वाचून दाखवली. पोरगा म्हणाला, वाचून दाखवली का बरी वाटते, पण मला अजून नाही कळली. मॅडम हसल्या. दोघंही अजून मेंबर आहेत.

खणातलं पुस्तक फाटलं, भिजलं तर जबाबदारी नेणाऱ्याची, आम्ही मध्ये पडणार नाही. पावसाळ्यात पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल लागते आणि कसर होते. कडुनिंबाचा पाला टाकायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, ओला टाकाल तर पानावर डाग पडतो, मग आम्ही डिपॉझिटमधून कापतो.

ग्रुप सोडून गेलेल्यांपैकी तिघं परत आले, काका पण आले. त्यांची ती पौराणिक कादंबरी त्या पोरानं मध्यंतरी नेली होती. चिठ्ठीवर त्यानं लिहिलं आहे, "अजूनही मला लांबलेली वाटते, पण पान ३४० ला मी पण थांबलो थोडा वेळ." त्याच्या खाली काकांनी लिहिलं, "तीच जागा."

दुकान सकाळी ९ ते रात्री ८, दुपारी १ ते ३ बंद. बाजाराच्या दिवशी झेरॉक्सला गर्दी राहते, पुस्तकासाठी दुसऱ्या दिवशी या. "धग"ची चिठ्ठी भरली होती, तिसरी लावली आहे, लिहायला जागा आहे. पेन काउंटरला दोरीनं बांधलेला आहे, तो सोडून नेऊ नका.