राण्यांचे मुकुट-दागिने पाहायला लंडनला जायचंय? व्हिसा, कागदपत्रं आणि तिकिटांची माहिती

व्हिसाचा फॉर्म उघडण्याआधी घरात बसून एक गोष्ट ठरवून घ्या: आपल्याला नेमकं काय पाहायचंय? ब्रिटिश राजघराण्यातल्या बायकांनी राज्याभिषेकाला, संसदेच्या उद्घाटनाला, शाही मेजवान्यांना घातलेले दागिने एका जागी ठेवलेले नाहीत. काही कायम प्रदर्शनात असतात, काही एखाद्या प्रदर्शनापुरते बाहेर येतात, आणि बरेचसे तिजोरीतून थेट अंगावर जातात आणि परत तिजोरीत. मी आईला घेऊन जायचं ठरवलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "आपला नासक हिरा पण तिथेच असेल ना गं?" आम्ही नाशिकचे, त्यामुळे प्रश्न अगदी साहजिक. त्र्यंबकेश्वराच्या नावाशी जोडलेला हा हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती लागला. लंडनमध्ये तो विकला गेला, १८३७ मध्ये वेस्टमिन्स्टरचा मार्क्विस या इंग्रज उमरावाने घेतला आणि पुढेही खासगी मालकांकडेच फिरत राहिला. राजमुकुट जिथे ठेवलेत त्या टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात तो नाही. तो पाहायच्या आशेने जाणार असाल तर हे इथेच कळलेलं बरं.

टॉवरमध्ये काय आहे? तिथल्या ज्वेल हाउसमध्ये राज्याभिषेकाची आभूषणं आहेत. राजाच्या मुकुटांबरोबर राण्यांचे मुकुटही आहेत आणि आपल्या दृष्टीने खरा ठेवा तोच. सहाव्या जॉर्जची राणी एलिझाबेथ, म्हणजे पुढे जिला क्वीन मदर म्हणू लागले, तिच्यासाठी १९३७ मध्ये केलेला प्लॅटिनमचा मुकुट तिथे आहे आणि त्याच्या पुढच्या क्रॉसमध्ये कोहिनूर बसवलेला आहे. १८४९ च्या लाहोर तहात पंजाबच्या दहा वर्षांच्या महाराजा दलीपसिंगाकडून हा हिरा घेतला गेला. तो ब्रिटनला निघाला तो आपल्याच मुंबई बंदरातून, ६ एप्रिल १८५० रोजी, 'मेडिया' नावाच्या जहाजावर. १८५२ मध्ये लंडनमध्ये त्याला पुन्हा पैलू पाडले आणि सुमारे १८६ कॅरेटचा हिरा १०५.६ कॅरेटवर आला. रणजितसिंग जो बाजूबंदात मिरवत, तो तिकडे गेल्यावर राण्यांचाच दागिना झाला: आधी व्हिक्टोरिया, मग १९०२ मध्ये अलेक्झांड्रा, १९११ मध्ये मेरी आणि १९३७ मध्ये एलिझाबेथ. मे २०२३ च्या राज्याभिषेकात मात्र राजा चार्ल्स यांच्या राणी कॅमिला यांनी मेरी राणीचा मुकुट घातला आणि त्यात कोहिनूरच्या जागी कलिनन हिरे होते.

टियारा, म्हणजे केसांवर पुढच्या बाजूला बसवायचा अर्धगोल दागिना, याचं प्रकरण वेगळं. मुकुट हे राजपदाचे, एका राजाकडून पुढच्याकडे जाणारे. टियारा, हार आणि ब्रोच हे बहुतेक कुटुंबातले, राणीने किंवा राजाने सुनांना, नातींना प्रसंगापुरते वापरायला दिलेले. प्रथा अशी की टियारा संध्याकाळच्या औपचारिक समारंभात घालायचा आणि साधारणपणे लग्न झालेल्या बाईने किंवा नवरीने. २०११ मध्ये केटचं युवराज विल्यमशी लग्न झालं तेव्हा तिच्या डोक्यावर कार्तिए या सराफी पेढीचा १९३६ चा हेलो टियारा दिसला, तो दुसऱ्या एलिझाबेथ राणीने, म्हणजे क्वीन मदरच्या मुलीने, वापरायला दिलेला होता. हैदराबादच्या निजामाने १९४७ मध्ये याच एलिझाबेथला लग्नाची भेट म्हणून दिलेला कार्तिएचा हिऱ्यांचा हार २०१४ मध्ये केटच्या गळ्यात होता. ती भेट दिली गेली तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणून माझ्यासाठी तो हार नुसता सुंदर दागिना राहत नाही. पण तो पाहायला तिकीट काढता येत नाही. एखाद्या खास प्रदर्शनात ठेवला तरच. त्यामुळे प्रवासाच्या तारखा ठरवताना बकिंगहॅम पॅलेसच्या किंग्ज गॅलरीत त्या काळात काय लागलंय ते अवश्य बघा.

आता अर्जाकडे वळू.

भारतीय पासपोर्ट असलेल्या प्रत्येकाला 'स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा' लागतो. प्रत्येकाला म्हणजे कडेवरच्या बाळालाही वेगळा. या व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं, नोकरी करता येत नाही. घरातला कुणी अमेरिकन पासपोर्टवर असेल (आपल्याकडे हल्ली एक तरी भाचा असतोच), तर त्याला व्हिसा नको, पण ८ जानेवारी २०२५ पासून 'ईटीए' ही ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. सगळे एकाच विमानात असले तरी कागद वेगळे, हे लक्षात ठेवा. विमानतळावर हिरमोड होतो तो अशाच गोष्टींनी.

अर्ज फक्त ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर, इंग्रजीत भरायचा. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपेक्षा लवकर करता येत नाही. सहा महिन्यांच्या व्हिसाचं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झालं होतं. हे दर बदलत राहतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशीचा आकडाच खरा धरा. दोन, पाच आणि दहा वर्षांचे व्हिसाही मिळतात, पण त्यांचं शुल्क बरंच जास्त आहे आणि एकदाच जाऊन मुकुट बघून यायचं असेल तर त्याची गरज नाही. व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही. म्हणून पुढचा भाग सावकाश वाचा.

फॉर्म भरून पैसे भरले की व्हिसा केंद्राची वेळ घ्यायची. मुंबईत आणि पुण्यात केंद्रं आहेत. तिथे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. कागदपत्रं आधी स्वतः स्कॅन करून चढवता येतात आणि ते फुकट आहे. केंद्रावर करून घेतलं तर वेगळे पैसे लागतात. ठसे दिल्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा. मे-जूनच्या सुट्टीसाठी जाणार असाल तर मार्चमध्येच अर्ज टाका.

कागदपत्रांचा गाभा एकच: तुम्ही खर्च करू शकता आणि तुम्ही परत येणार आहात, हे वाचणाऱ्याला पटलं पाहिजे. बँकेत अमुक लाख हवेत असा नियम नाही. सहा महिन्यांचं स्टेटमेंट द्या आणि त्यात पैसे कुठून येतात ते दिसू द्या. अर्जाच्या आठवड्यात भावाने 'दाखवायला म्हणून' टाकलेले चार लाख फायद्यापेक्षा नुकसानच करतात, कारण ते आले कुठून याचा कागद तुमच्याकडे नसतो. नोकरदारांनी कंपनीच्या लेटरहेडवर पद, पगार आणि मंजूर रजेच्या तारखा असलेलं पत्र घ्यावं. व्यावसायिकांनी जीएसटी किंवा उद्यम नोंदणी आणि आयकर विवरणपत्रं जोडावीत. निवृत्तांनी पेन्शनचा आदेश आणि ज्या खात्यात पेन्शन जमा होते त्याचं स्टेटमेंट. गृहिणींनी नवऱ्याची किंवा मुलांची आर्थिक कागदपत्रं आणि नात्याचा पुरावा द्यावा. तिथल्या नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्याचं निमंत्रणपत्र, त्याच्या तिथल्या वास्तव्याचा पुरावा, आणि खर्च तो करणार असेल तर त्याचंही बँक स्टेटमेंट.

आपल्या लोकांची गाडी अडते ती दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण भाषांतर. इंग्रजी किंवा वेल्श सोडून इतर भाषेतल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. सातबारा, आठ-अ, ग्रामपंचायतीचा दाखला, रेशन कार्ड हे सगळं मराठीत. जमीन ही परत येण्याची भक्कम खूण आहे, ती जरूर दाखवा, पण भाषांतरासह. त्या भाषांतरावर चार गोष्टी हव्यात: हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे असं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव आणि सही, आणि त्याचा संपर्क. आईच्या सातबाऱ्याचं भाषांतर मी करून आणलं, गट क्रमांक, क्षेत्र, पिकाच्या नोंदी सगळं नीट उतरवलेलं. आदल्या रात्री फाइल लावताना पाहिलं तर खाली फक्त शिक्का, ना तारीख ना नाव. सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. तुम्ही कागद हातात घेतानाच तपासा.

दुसरं ठिकाण नावं. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, दहावीच्या दाखल्यावर वडिलांचं. शिवाय कुठे 'सुमन', कुठे 'सुमनबाई'. यामुळे व्हिसा नाकारतीलच असं नाही, पण वाचणाऱ्याला आपली पद्धत माहीत नसते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचं राजपत्र जोडा आणि फॉर्ममध्ये 'इतर नावं' विचारतात तिथे जुनं नाव न विसरता लिहा. सोबत साध्या इंग्रजीत एका पानाचं पत्र द्या: कोण जातंय, कधी, कुठे राहणार, काय बघणार, खर्च कोण करणार. टॉवरला मुकुट बघायला जातोय हे कारण पुरेसं आहे, ते फुगवून लिहू नका.

व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नका. टॉवरचं तिकीटही नंतरच, कारण ते ठरावीक तारखेचं असतं. ते 'हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस' या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतं. राजदागिन्यांसाठी वेगळं तिकीट नाही, ते टॉवरच्या प्रवेशातच धरलेलं आहे. कुणी 'फक्त क्राउन ज्वेल्स' म्हणून जादा पैसे मागत असेल तर देऊ नका. २४ ते २६ डिसेंबर आणि १ जानेवारीला टॉवर बंद असतो. भुयारी रेल्वेने टॉवर हिल स्थानकावर उतरायचं.

दार उघडताच पोचा आणि बाकी किल्ला सोडून सरळ ज्वेल हाउस गाठा. दुपारी रांग खूप वाढते. आत फोटो काढायला मनाई आहे, फोन पिशवीतच ठेवा. मुकुटांच्या कपाटाजवळून सरकता पट्टा जातो आणि त्यावर उभं राहिलं की कोहिनूर समोरून काही क्षणांत निघून जातो. आई पहिल्यांदा गेली तेव्हा तिला नुसता झगमगाट दिसला. आम्ही वळसा घालून परत गेलो. दुसऱ्या फेरीत ती म्हणाली, "किती शांत दिसतो गं." तसाच आहे तो. आजूबाजूचे छोटे हिरे चमचमतात आणि मधला मोठा खडा पाण्यासारखा स्वच्छ. तुम्हीही घाई करू नका, परत फेरी मारा.

तिथेच व्हिक्टोरिया राणीचा १८७० चा छोटा मुकुट शोधा. त्यात १,१८७ हिरे आहेत आणि तो तळहातावर मावेल एवढा आहे. विधवेच्या पांढऱ्या टोपीवर ती तो घालायची. आणि 'इम्पीरियल क्राउन ऑफ इंडिया'ही बघा. पाचव्या जॉर्जने १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात तो घातला होता, कारण राज्याभिषेकाचे मुकुट देशाबाहेर नेत नसत. त्या प्रवासात राजा-राणी मुंबईत अपोलो बंदरावर उतरले, त्याचीच आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभं आहे. मेरी राणीने दरबारात पाचूंचा जो टियारा घातला तो मात्र टॉवरमध्ये शोधू नका, तो कुटुंबाकडे आहे. २००५ मध्ये कॅमिला यांनी तो घातला होता.

एक ठिकाण बरेच जण चुकवतात: साउथ केन्सिंग्टनमधलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. तिथल्या दागिन्यांच्या दालनात व्हिक्टोरियाचा नीलमांचा छोटा मुकुट आहे. १८४० मध्ये, लग्नाच्या वर्षी, अल्बर्टने स्वतः त्याची रचना केली. अल्बर्ट गेल्यावर तिने कितीतरी वर्षं संसदेत पाऊल ठेवलं नाही, आणि १८६६ मध्ये परत आली तेव्हा डोक्यावर हाच होता. २०१६ मध्ये तो देशाबाहेर विकला जाणार होता. सरकारने निर्यात परवाना थांबवून धरला आणि त्या मुदतीत तो संग्रहालयासाठी विकत घेतला गेला. दालनात जायला तिकीट नाही, सरकता पट्टाही नाही. आई तिथे पाऊण तास बसली होती.

शेवटचं काम आपल्याच विमानतळावरचं. अंगावर पाटल्या, गोठ, मोठं मंगळसूत्र असं घसघशीत सोनं घालून जाणार असाल तर निघताना सीमाशुल्काच्या खिडकीवर 'एक्सपोर्ट सर्टिफिकेट' मागा. दागिन्यांच्या पावत्या किंवा सराफाचं मूल्यांकनपत्र, आणि दागिन्यांचे फोटो बरोबर ठेवा. परतताना हे सोनं तिकडून आणलंय का, असा प्रश्न आला तर हाच कागद दाखवायचा. त्यासाठी तासभर आधी पोचा, आणि दागिने सामानात न टाकता हातातल्या पिशवीत किंवा अंगावर ठेवा, कारण अधिकारी ते प्रत्यक्ष पाहूनच कागद देतात.