एमपीएचनंतर पीएचडी: नेट-जेआरएफचा अर्ज भरताना काय बघायचं?

साथरोगशास्त्रात संशोधक किंवा प्राध्यापक व्हायचं तर एमपीएचवर (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीवर) सहसा भागत नाही, पीएचडी लागते. ती घरच्यांवर भार न टाकता करायची असेल तर यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारी रक्कम) हा सरळ मार्ग आहे. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,००० आणि नियमानुसार घरभाडं. (आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची फेलोशिप वेगळी, तिचा अर्जही वेगळा.)

नेट साधारण जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते, अर्ज ही परीक्षा घेणाऱ्या एनटीए या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. विषयांच्या यादीत ‘पब्लिक हेल्थ’ किंवा ‘एपिडेमिऑलॉजी’ शोधत बसू नका, सापडणार नाही. एमपीएचवाल्यांनी ‘सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ’ घ्यायचा. पदव्युत्तर विषय यादीत नसेल तर जवळचा विषय घेता येतो, असा नियमच आहे.

पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के हवेत; एससी, एसटी, ओबीसी नॉन-क्रीमी लेयर, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५० चालतात. ५४.९ चे ५५ कोणी करून देत नाही. शेवटच्या वर्षाला असाल तरी परीक्षा देता येते, पण निकालानंतर दोन वर्षांत पदवी हातात पाहिजे. जेआरएफला वयाची अट ३० वर्षं. ज्यांना ५० टक्के चालतात त्या प्रवर्गांना आणि महिलांना पाच वर्षांची सवलत. ईडब्ल्यूएसला गुणांतही नाही आणि वयातही नाही.

आपल्याकडची मुलं अडकतात ती प्रवर्गाच्या रकान्यात. ही केंद्राची परीक्षा आहे, त्यामुळे राज्याचा एसईबीसीचा (मराठा आरक्षणाचा) दाखला इथे चालत नाही. खुला निवडा, किंवा निकषांत बसत असाल तर ईडब्ल्यूएस. राज्यात व्हीजे-एनटी किंवा एसबीसीत असलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. आपली जात त्यात आहे ना, हे आधी तपासा आणि सेतू केंद्रात ‘केंद्र शासनासाठीचा नमुना’ असं स्पष्ट सांगूनच नॉन-क्रीमी लेयर काढा. राज्याचा दाखला जोडून पुढे पडताळणीत धावपळ करण्यापेक्षा हे बरं.

दुसरी कटकट नावाची. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी. अर्जात नाव दहावीच्या कागदावर आहे तसंच लिहायचं. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवावा. बाकी फोटो, सही, शुल्क हे नेहमीचंच.

पेपर तीन तासांचा, १५० प्रश्न, ३०० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. एकही प्रश्न सोडू नका.

जेआरएफ मिळाली म्हणजे पैसे सुरू झाले असं नाही. पीएचडीला प्रवेश घेऊन संस्थेत रुजू झाल्याशिवाय फेलोशिप चालू होत नाही, आणि अवॉर्ड लेटरला (फेलोशिप मिळाल्याच्या पत्राला) मुदत असते. म्हणून मुंबईची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था), दिल्लीचं जेएनयू यांच्या प्रवेशाच्या जाहिरातींवर परीक्षेच्या आधीपासूनच लक्ष ठेवा. जेआरएफ हुकली, पण ‘फक्त पीएचडी प्रवेशा’साठी पात्र ठरलात, तर प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, ते गुण एकच वर्ष चालतात.

मुलाखतीत पहिला प्रश्न बहुतेक ‘डेटा कुठून आणणार?’ हाच असतो. ‘गावोगाव सर्वेक्षण करीन’ या उत्तरावर समिती सहसा खूश होत नाही. एनएफएचएसचा (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा) डेटा नोंदणी करून मोफत मिळतो. तो उघडून, त्यातले दोन-चार तक्ते स्वतः काढून मगच प्रस्ताव लिहा.