चूल, शेत आणि जंगल एकाच फाइलीत यायला शंभर वर्षं का लागली

जंगल वाचवायचं म्हटलं की चर्चा लगेच वाघ, कार्बन आणि वृक्षारोपणावर जाते. पण जंगलाचा विषय शेतीशी आणि स्वयंपाकाच्या सरपणाशी जोडूनच सोडवावा लागेल हे काही हल्लीच्या हवामान परिषदांमध्ये सुचलेलं नाही, सव्वाशे वर्षांपूर्वी एका सरकारी रिपोर्टमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे आणि नंतर कितीतरी वर्षं कुणी ते मनावर घेतलं नाही.

सुरुवात शेतीपासून लांबच झाली. 1713 मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या खाणींचा कारभार बघणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झने मांडलं की जेवढं वाढतं तेवढंच तोडा, कारण धातू वितळवायच्या भट्ट्यांना लाकूड पुरेनासं झालं होतं. ही जर्मन वनशास्त्राची परंपरा घेऊन डीट्रिख ब्रँडिस 1864 मध्ये भारतात पहिले वन महानिरीक्षक झाले, आणि तेव्हा सरकारला हवं होतं रेल्वेच्या स्लीपरांसाठी साग, साल, देवदार. 1878 च्या कायद्याने जंगलाचे तीन प्रकार केले, राखीव, संरक्षित आणि ग्रामवन, त्यातलं राखीव भराभर वाढत गेलं आणि ग्रामवन बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं. म्हणजे सरपण, चारा, पालापाचोळा या गावाच्या रोजच्या गरजा कायद्याच्या नजरेत एक तर सवलत नाहीतर गुन्हा.

आता तो रिपोर्ट. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडमधले शेतीरसायनतज्ज्ञ 1889 मध्ये भारतीय शेती सुधारायची कशी हे बघायला आले आणि 1893 मध्ये त्यांचा अहवाल छापला गेला. इथला शेतकरी अडाणी नाही हे त्यांनी ठामपणे लिहिलं, आणि पुढे म्हटलं की शेण जाळलं जातं कारण जाळायला लाकूड मिळत नाही. साधी वाटते पण फार मोठी गोष्ट आहे ही, कारण गोवरी जळली की त्यातला नत्र धुरातून निघून जातो, मागे राखेत थोडं पालाश आणि स्फुरद उरतं, पण सेंद्रिय पदार्थ गेले ते गेलेच, आणि त्याचा फटका पुढच्या हंगामात पिकाला बसतो. व्होल्करांचा उपाय होता गावांजवळ सरपण आणि चाऱ्याची वनं वाढवायची. वनखात्याने शेतीसाठी काम करावं, असा त्याचा सरळ अर्थ. 1894 च्या वनधोरणात शेतीच्या गरजेला मान दिला गेला खरा, पण प्रत्यक्षात इमारती लाकूड आणि महसूलच पुढे राहिला, आणि माझ्या मते इथेच सगळ्यात मोठी संधी हुकली.

मधली बरीच दशकं फार वेगळं काही घडलं नाही. शेती एका खात्याकडे, जंगल दुसऱ्याकडे, आणि ऊर्जा म्हणजे कोळसा, तेल, वीज. चूल कुणाच्याच खात्यात नाही.

1973 मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा सगळ्यांचं लक्ष पेट्रोलकडे होतं, पण 1975 मध्ये एरिक एकहोम या अमेरिकी अभ्यासकाने दाखवून दिलं की गरीब देशांतल्या कोट्यवधी घरांचं खरं ऊर्जासंकट सरपणाचं आहे. मग घडामोडी एकदम वेगात झाल्या. 1976 मध्ये भारताच्या राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरण, म्हणजे गावाच्या गरजांसाठी शेतात आणि गावच्या जमिनीवर झाडं लावणं, सुचवलं, 1977 मध्ये केनियात वांगारी माथाईंनी बायकांना घेऊन झाडं लावायची ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, 1978 मध्ये नैरोबीत शेतीतल्या झाडांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी जकार्तात जागतिक वन परिषद लोकांसाठी जंगल हा विषय घेऊन भरली. दक्षिण कोरियाने तर 1973 ची दहा वर्षांची वनीकरण योजना गावोगावच्या सहकारी गटांच्या जोरावर 1978 लाच पूर्ण केली, पण तिथे घरांमध्ये सरपणाच्या जागी कोळशाच्या कांड्या आल्या होत्या हेही सांगितलं पाहिजे, नुसती झाडं लावून ते झालं नसतं.

चुकाही झाल्या. भारतात सामाजिक वनीकरणात शेतांमध्ये निलगिरी लागली आणि लाकूड बरंचसं कागद कारखान्यांना आणि बांधकामाला गेलं, सरपणाची टंचाई होती तिथेच राहिली. दुसरी चूक समजण्यातली. सरपण गोळा करणारे गरीबच जंगल संपवतात असं सगळे धरून चालले होते, पण 1988 च्या सुमाराला गेराल्ड लीच आणि रॉबिन मर्न्स या अभ्यासकांनी आफ्रिकेतल्या अनुभवावरून दाखवलं की जंगल जातं ते मुख्यतः शेतीसाठी जमीन मोकळी केल्याने, आणि बरंचसं सरपण तर शेतातल्या, बांधावरच्या झाडांचं आणि सुक्या काटक्यांचं असतं.

नायजर देशातला प्रकार मला या सगळ्यात सगळ्यात जास्त शिकवणारा वाटतो. 1983 च्या आसपास मारादी भागात टोनी रिनाउदो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ रोपं लावून थकले होते, बहुतेक रोपं मरायची. मग लक्षात आलं की शेतात जी झुडपं दिसतायत ती तोडलेल्या झाडांच्या जिवंत बुंध्यांना फुटलेले धुमारे आहेत, जमिनीखाली मुळं शाबूत, फक्त दरवर्षी पेरणीच्या आधी लोक ते कापून टाकत होते. तेव्हापासून बुंध्यागणिक चार-पाच सरळ धुमारे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, खालच्या फांद्या काढायच्या, आणि छाटणीतून सरपण मिळत राहतं. वारा अडतो, पालापाचोळ्याने माती सुधारते, खाली बाजरी येते. वीस वर्षांत सुमारे 50 लाख हेक्टरवर ही पद्धत पसरली. पण ती पसरायला एक अडचण दूर व्हावी लागली, झाडं सरकारची असं कायदा म्हणत होता आणि स्वतःच्या शेतातलं झाड तोडलं तरी दंड व्हायचा. ती अंमलबजावणी ढिली पडली तसे शेतकरी झाडं राखायला लागले.

नेपाळची गोष्ट पण याच वळणाची. 1957 मध्ये जंगलांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि गावाचा हात सुटला, 1993 च्या कायद्याने गावातल्या वापरकर्ता गटांना जंगल सांभाळायचा आणि वापरायचा हक्क दिला. त्याच्या एक वर्ष आधी, 1992 मध्ये, डच मदतीने बायोगॅसचा मोठा कार्यक्रम सुरू झाला होता. म्हणजे व्होल्करांनी मांडलेलं कोडं दुसऱ्या बाजूने सुटलं, शेणातून गॅस मिळतो आणि नत्र स्लरीत, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेल्या पातळ शेणात, राहून शेतात जातो, आणि जंगलावरचा भारही कमी होतो. फक्त अशा छोट्या प्लांटलाही रोज वीस-पंचवीस किलो शेण लागतं, त्यामुळे ज्यांच्याकडे गुरंच नाहीत अशी भूमिहीन घरं त्यातून बाहेर राहिली, आणि जंगलातून मोळी आणायची सगळ्यात जास्त गरज त्याच घरांना होती.